भाईदास फिटरची डबी

धरणगावची आमची गल्ली एवढी अरुंद होती की, आत आलेली बैलगाडी उलटी वळवायची तर बैल सोडून धुरेला माणसं लावावी लागत. त्या गल्लीत मोटार आणली भाईदास फिटरनं, एकतीस साली. तो कापसाच्या ज्या जिनिंगमध्ये कामाला होता तिथले इंजिनिअर साहेब विलायतेला परत चालले होते. जाताना त्यांनी आपली बेबी ऑस्टिन भाईदासच्या हवाली केली. साहेब म्हणे एवढंच बोलले, की हिचं ऐकणारा माणूस तूच आहेस.

ते खरंच होतं. भाईदास माणसांचं फारसं ऐकत नसे, यंत्राचं ऐके. लाकडाची हातभर दांडी तो चालत्या यंत्राला टेकवायचा आणि दुसरं टोक कानाला लावून डोळे मिटायचा. मग उठून नेमकं ते एक चाक खोलायचा. घरी मात्र बायको तानुबाईनं तीनदा हाक मारावी तेव्हा तो चौथ्यांदा "काय" म्हणायचा.

मोटार काळपट हिरवी होती आणि तिला चारी बाजूंनी काचा होत्या. चार माणसांची म्हणत, पण मागच्या दोघांना मांडीला मांडी लावून बसावं लागे. पहिल्याच दिवशी गल्लीतल्या बायकांनी तिला वाकून पाहिलं आणि बेबाबाई म्हणाली, "हाई मोटर शे का पानसुपारीनी डबी?" तेव्हापासून ती डबीच झाली. शेजारच्या गावात कोणाला न्यायचं असेल तर लोक विचारत, "डबी मोकळी शे का?" तानुबाई पहिल्यांदा बसली ती डोळे गच्च मिटून, मांडीवर पाण्याचा तांब्या धरून. स्टेशनापर्यंत जाऊन आली तरी तांब्यातलं पाणी सांडलं नव्हतं. भाईदासला त्याचा जन्मभर अभिमान वाटला. इंजिनाचं नाव निघालं की तो त्या तांब्याची गोष्ट सांगायचा.

डबीत कधीच बसला नाही तो त्याचा थोरला भाऊ झुलाल. झुलाल शेती पाही. सहा फुटांचा गडी, दारातून वाकून जाणारा. "मले त्यामा बसाडनं व्हई तर पहिले धोतरसारखी घडी घाला मनी," असं म्हणून तो स्वतःच मोठ्यानं हसे. दोघा भावांची घरं भिंतीला भिंत लागून, मागचा गोठा एक. डबी त्या गोठ्यातच उभी राहायची, गव्हाणीच्या पलीकडे.

चौतीसच्या श्रावणात झुलालच्या पोटात दुखू लागलं. दोन दिवस त्यानं ओवा आणि शेक यांवर काढले. तिसरा दिवस कानबाईच्या रोटांचा होता.

आमच्या खान्देशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी मांडतात. आदल्या दिवशी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढून दळतात आणि रविवारी त्याचे रोट होतात. सगळी भाऊबंदकी एकत्र बसून ते खाते, बाहेरच्याला त्यातला कणही देत नाहीत. ज्याच्या नावाची मूठ दळली त्याच्या हातात त्याचा रोट पडावा लागतो. सोमवारी सकाळी देवी पाण्यात जाते. आणि रोटाच्या दिवशी भाऊबंदकीत कोणी गेलं, तर रोट मोडतात. मग पुन्हा त्याच दिवशी कुळात मूल जन्मावं किंवा घरची गाय व्यावी, तोवर कानबाई मांडता येत नाही. भाईदासच्या आजोबांच्या काळात अशी मोडली होती, ती एकोणीस वर्षं. त्याची आई सून होऊन आली तेव्हा घरात कानबाई नव्हती. दुसऱ्यांच्या दारात उभं राहून तिनं एकोणीसातली अकरा वर्षं परक्या कानबाईची गाणी ऐकली होती. हे ती सांगायची तेव्हा तिचा आवाज बसायचा.

त्या रविवारी बेचाळीस घरांचे रोट झुलालच्या अंगणात होते. भागाबाई, झुलालची बायको, पहाटेपासून चुलीपुढे. ओसरीवर झुलाल पोट दाबून कण्हत होता.

"भाऊसंगे जळगावले जा, दवाखानामा," भागाबाई म्हणाली. "संध्याकायना मांगे या."

"आज नही. उद्या देवी उठनी का जासू."

"बठ्ठी भाऊबंदकी येई नि तुम्ही आठे कन्हत पडशात? बायासनी गाना म्हनाना का तुमनं आयकानं?"

"मी त्या डबीमा जाव नही, सांगी ठेवस."

भागाबाईच्या डोळ्यांत धूर गेला होता, हात पिठात होते, आणि अजून चाळीस माणसांची खीर व्हायची होती. "मंग नका जाऊ," ती म्हणाली. "मरा आठेच."

हे वाक्य आपल्या घरांत दिवसातून दहा वेळा म्हटलं जातं. दूध उतू गेलं की म्हणतात, पोरानं कप फोडला की म्हणतात. झुलालनं मुंडासं बांधलं. उठला, भाईदासच्या खांद्यावर हात टाकून गोठ्यात गेला आणि डबीच्या डाव्या सीटवर अंग दुमडून बसला. गुडघे छातीला टेकले. भागाबाई चुलीवरून उठली नाही.

जाताना दारात उखर्डू आबा भेटले. भाऊबंदकीतले सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी काचेवर बोट वाजवलं. "दिवाबत्तीना पहिले आन रे त्याले. त्यानी मूठ दळाई जायेल शे."

गिरणा ओलांडली तेव्हा उन्हं चढली होती. जळगावाअलीकडच्या पिंप्राळ्याची झाडं दिसू लागली तोवर झुलालचं कण्हणं थांबलं होतं. भाईदासला वाटलं, झोप लागली, बरं झालं. मग त्याला काहीतरी खटकलं. इंजिनाच्या आवाजाखाली इतका वेळ जो दुसरा आवाज होता तो नव्हता. त्यानं गाडी बाभळीखाली उभी केली आणि भावाच्या छातीला कान लावला. यंत्र बंद पडलं की ते त्याला कोणी सांगावं लागत नसे.

तो किती वेळ बसला त्याचं त्यालाच कळलं नाही. रडला का, तेही त्याला पुढे आठवेना. आठवत होतं ते एवढंच: आईचा बसलेला आवाज, आणि बेचाळीस घरांच्या चुली. तो सांजेपर्यंत परतला नसता तर आबांनी कोणाला तरी रेल्वेनं जळगावला पाठवलंच असतं. परतला आणि खरं सांगितलं, तर त्या घटकेला कानबाई मोडणार होती. त्यानं उपरण्यानं झुलालची छाती सीटच्या पाठीला बांधली, वरून घोंगडी घातली, मुंडासं कपाळावर ओढलं आणि गाडी धरणगावकडे वळवली.

चारच्या सुमाराला डबी गल्लीत शिरली. दुसरी कुठलीही मोटार पेठेतच थांबली असती आणि माणसाला उचलून घरी न्यावं लागलं असतं. डबी मात्र थेट दारापर्यंत आली. बायका धावल्या. भाईदास खाली उतरला नाही. इंजिनही बंद केलं नाही.

"डॉक्टरनी सुई दिन्ही शे," तो म्हणाला. "झोपेल शे. रोटपुरता सोडेल शे, लगेच मांगे नेवानं शे. उठाडू नका."

"दिसस तर बरा," उखर्डू आबा वाकून म्हणाले. "कन्हत नही आते."

भागाबाई ताटात रोट घेऊन आली. डबी ठेंगणी, म्हणून तिला कमरेत वाकावं लागलं. काच खाली होती. तिनं घोंगडीखालून नवऱ्याचा उजवा हात काढला. मूठ घट्ट मिटलेली होती.

"हात गार लागस," ती म्हणाली.

"वारा लागना वाटमा."

"मूठ खोलत नही." तिनं हळूच बोटं सोडवून पाहिली. ती सुटेनात. मग ती अगदी हळू, फक्त झुलालला ऐकू जाईल अशी म्हणाली, पण भाईदासनं ऐकलं. "सकायना राग शे का अजून? सनना दिवस शे. ल्या ना."

शेवटी तिनं रोट अंगठ्याच्या आणि मुठीच्या सांध्यात खोचला, वरून घोंगडी नीट केली. बायकांनी डबीच्या टपाला हात लावून नमस्कार केला. अंगणात खाली बसलेल्या पंगतीत रोट वाढायला सुरुवात झाली.

गावाबाहेर आल्यावर तो रोट झुलालच्या मुठीतून सुटून सीटवर पडला. रोट टाकता येत नाही, बाहेरच्याला देता येत नाही, कुळातल्या माणसानंच तो खावा लागतो. भाईदासनं तो खाल्ला. भावाच्या शेजारी बसून, एकेक घास. सोमवारी देवी पाण्यात गेल्यावर तो भावाला घेऊन परत आला आणि त्यानं सांगितलं, आज सकाळी गेला. मधली रात्र त्यानं कुठं काढली ते त्यानं तानुबाईलाही कधी सांगितलं नाही.

कानबाई वाचली. मोडली ती भागाबाई.

बायका समजूत घालायच्या, माणूस गेला, देवाची मर्जी. ती म्हणायची, गेल्याचं नव्हे. त्यांनी मूठ उघडली नाही. मी मरा म्हटलं, ते मनात धरून गेले. शेवटचा घास माझ्या हातून घेतला नाही. हे ती वर्षाला दहा जणींना सांगायची, आणि दर कानबाईला, रोट झाले की, भिंतीपलीकडून दिराला विचारायची, "भाऊ, वाटमा काही बोलनात का हो? मनं काही?"

"झोपेल व्हता, वहिनी," भाईदास म्हणायचा.

डबीत ती कधी बसली नाही. गोठ्यात धार काढायला गेली तरी तिच्याकडे पाठ करून बसायची.

भाईदास मात्र रोज तिच्यात बसून कामाला जायचा. पहिल्या पावसाळ्यानंतर त्याच्या लक्षात आलं की गाडी डावीकडे कललेली आहे. त्यानं चाकांवरच्या स्प्रिंगांचे पाटे बदलले. चाकांची हवा तपासली. गवंड्याची पाणसळ आणून टपावर ठेवली. बुडबुडा उजवीकडे सरकून राही. डावी बाजू खालीच. सीटच्या स्प्रिंगा काढून नव्या घातल्या, तरी मधोमध तसाच खळगा, कोणी नुकतंच उठून गेल्यासारखा. नव्हे, कोणी न उठल्यासारखा. एकदा तानुबाईनं पाहिलं, तो आपली दांडी त्या रिकाम्या सीटला टेकवून, दुसरं टोक कानाला लावून बसला होता. डोळे मिटलेले.

थंडीच्या दिवसांत सकाळी डबीच्या काचा कोरड्या असत. गोठ्यात गुरांची ऊब, बाहेरून दव यायचं कारण नव्हतं. फक्त डाव्या काचेवर, पुढच्या टोकाला, आतून वाटीएवढा वाफेचा डाग. तो पुसूनच भाईदास हँडल मारायला जायचा.

पितृपक्षात भागाबाई दशमीला पान वाढायची, कारण श्रावणातल्या त्या सोमवारी दशमी होती. आदल्या दिवशी, नवमीला, भाईदास एक भाकरी डबीच्या डाव्या पायरीवर ठेवून यायचा. तिसऱ्या वर्षी तानुबाईनं ते पाहिलं. ती हिशेबाला पक्की बाई. तिनं गोठ्याचं दार लावून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "नवमीले कोन गये आपला घरमा?" मग त्याला सांगावंच लागलं. हे सगळं पुढे मला कळलं तेही तानुबाईकडूनच.

"वहिनीले सांगी टाकस मी," तो म्हणाला.

"आनि ती बठ्ठ्यासले सांगी. का नही सांगाव? तिना जीव शे तो. मंग तीन वरीस जे रोट खादात ते खोटा, नि पुढलाबी खोटा. बेचाळीस घरन्या बाया तुमले काय म्हनतीन? तुमनी मायनं नाव तर काढूच नका मंग."

त्यानं वहिनीला सांगितलं नाही. पण त्याच्या डोक्यात यंत्र सुरू झालं. मोडलेलं जोडायची रीत तर होती. मूल आपल्या हातात नाही. गाय आहे.

त्यानं गाय घेतली. आणि पंचांग. पुढच्या श्रावणातला तो रविवार शोधायचा, तिथून नऊ महिने नऊ दिवस मागे मोजायचे, आणि त्या दिवशी गाय वळूकडे न्यायची. गल्लीत हसून हसून पुरेवाट झाली. लीलाधर वाणी दुकानातून ओरडायचा, "फिटरनी गायलेबी टायमिंग लावं रे!" पण गाय काही जिनिंगचं इंजिन नव्हती. भाईदासचा दिवस आला की तिला माज नसे, तिला माज आला की भाईदासचा दिवस गेलेला. एका वर्षी ती शनिवारी व्याली. एका वर्षी बुधवारी. अधिक महिना आला त्या वर्षी गणित तीस दिवसांनी चुकलं आणि भाईदास आठवडाभर कोणाशी बोलला नाही. दरवर्षी तो पंगतीत बसायचा, आपल्या वाटचा रोट सदऱ्याच्या खिशात घालायचा आणि गोठ्यात येऊन गायीला चारायचा. मोडलेल्या रोटांचं तसंच करतात.

लढाई आली, पेट्रोल चिठ्ठीवर मिळू लागलं, मग तेही मिळेना. बेचाळीस सालापासून डबी गोठ्यातच उभी राहिली. तिच्या टपावर तानुबाई गोवऱ्या वाळत घालू लागली. भाईदास रोज सकाळी जाऊन डावी काच पुसायचा, एवढंच. त्याचे केस पांढरे झाले. भागाबाईचे आधीच झाले होते.

पंचेचाळीसच्या श्रावणात, लढाई संपल्याची बातमी आली त्याच आठवड्यात, रोटाच्या रविवारी दुपारी गायीनं चारा सोडला. भाईदास तिच्यापाशी जाऊन बसला. गाय अडली होती. वासरू सरळ येत नव्हतं. गल्लीत गुरांचं बाळंतपण भागाबाईइतकं कोणाला येत नव्हतं. तो भिंतीशी गेला आणि म्हणाला, "वहिनी, या. आजच येवाले पाहिजे ते."

"आज नि उद्या, तिनी मर्जी," भागाबाई म्हणाली, पण पदर खोचून आली. पूजेची गडबड टाकून आली म्हणून चिडलेली होती. डबीकडे पाठ करून ती गायीशी बसली. कोपरापर्यंत हात घातला. "पाय दुमडेल शे," ती म्हणाली. "पाय लांबा व्हयना का येई."

भाईदासनं ते ऐकलं आणि डबीच्या मडगार्डला धरून उभा राहिला.

बराच वेळ गेला. मग पिवळं वासरू गवतावर पडलं, ओलं, वाफाळणारं. भाईदास बाहेर धावला. निंबाच्या शेंड्यावर ऊन होतं. अजून दिवस होता. तो परत आला तेव्हा भागाबाई बादलीत हात धूत होती.

"वहिनी, बसा."

"देवीपुढे दिवा लावाना शे."

"बसा."

त्यानं सगळं सांगितलं. बाभळीखालचं, उपरण्याचं, सुईचं खोटं, रोट खाल्ल्याचं. नवमीचं. गायीचं. तिच्याकडे न पाहता, वासराकडे पाहत. तो थांबला तेव्हा गाय वासराला चाटत होती, तेवढाच आवाज.

"मंग मूठ?" भागाबाई म्हणाली.

"मूठ पहिलेच मिटायेल व्हती. तुमना हात लागना तव्हय त्याले जाईसन चार घंटा व्हई गयथात."

ती गव्हाणीच्या कडेवर बसली. "अकरा वरीस," ती म्हणाली. "रोज चुल्हा पेटाडता मी माफी मांगू. रोज. आनि तुमले माहीत व्हतं."

भाईदासनं बादली उचलून बाजूला ठेवली.

"आते खरं सांगा. वाटमा काय बोलनात?"

"तुमनं काहीच नही बोलना, वहिनी. रागनं नही, मायानंबी नही. पाय लांबा करू दे, इतलंच सांगे. दोन-तीनदा."

भागाबाई उठली. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती डबीजवळ गेली. गोवऱ्यांचा भुगा झटकून तिनं डावं दार उघडलं आणि वाकून आत पाहिलं. सीट आणि समोरची फळी यांच्यात वीतभर जागा. झुलालसारख्या माणसाला तिथं पाय ठेवायलाही जागा नव्हती.

"हाई गादी मांगे सरकत नही का?"

भाईदास वासराखालचं गवत सारखं करू लागला.

"भाऊ, सरकस का नही?"

"सरकस," तो म्हणाला. "खाले खिटी शे."

"मंग?"

मागच्या बाजूला पेट्रोलचा डबा होता, जादा टायर होता, वळकटी होती. ते हलवायला गाडी थांबवावी लागली असती. दवाखान्याची घाई होती. दोन मिनिटांचं काम. यातलं काहीही त्यानं सांगितलं नाही. अकरा वर्षं तो त्या सीटच्या स्प्रिंगा बदलत होता, पण त्या खिटीला त्यानं कधी हात लावला नव्हता.

भागाबाईनं खाली हात घातला. खिटी गंजली होती. तिनं दोन्ही हातांनी ओढली, दारात पाय रोवून, जसं मघाशी वासरू ओढलं होतं तसं. सीट किंचाळली आणि मागे गेली, पार मागे, टेकेपर्यंत. ती क्षणभर तिथंच वाकून राहिली. मग तानुबाईची हाक आली, आरतीला सगळे थांबले आहेत. भागाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि गेली. दार तिनं उघडंच ठेवलं.

आत गेल्यावर ती भाऊबंदकीला काही बोलली नाही. त्या वर्षी पितृपक्षात तिनं नवमीला पान वाढलं. उखर्डू आबा आता थकले होते, पण तिथी त्यांच्या पक्क्या ध्यानात असत. त्यांनी विचारलं, "झुलालनी दशमी ना व?" ती म्हणाली, "नही आबा. मनंच चुकेल व्हतं." भाईदासशी मात्र ती सहा महिने बोलली नाही. वासरू पिऊन उरलेलं दूध ती भिंतीवरून तानुबाईकडे द्यायची, त्याच्याकडे नाही.

त्या सालच्या मार्गशीर्षात थंडी कडक पडली. भाईदास सकाळी गोठ्यात गेला. हातात फडकं होतं. डाव्या काचेचं पुढचं टोक कोरडं होतं. तो जवळ गेला. वाफेचा डाग होता, पण तिथं नव्हता. वीतभर मागे सरकला होता, काचेच्या पार दुसऱ्या टोकाला, मागे रेलून बसलेल्या उंच माणसाचं तोंड जिथं येईल तिथं.

फडकं हातात तसंच राहिलं. तो उजव्या दारानं आत शिरला, स्टिअरिंगवर हात ठेवून बसला, आणि तानुबाईनं चारदा हाक मारली तरी बाहेर आला नाही.